माल वखारीत, पावती हातात : मायक्रोसर्व्हिसेसमध्ये मोठा डेटा कसा न्यावा

लातूरच्या मोंढ्यातला व्यवहार जवळून पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. वखारीत ठेवलेले सोयाबीन तारण ठेवले जाते, त्यावर कर्ज उचलले जाते, प्रसंगी ते विकलेही जाते, आणि या सगळ्या काळात पोती थप्पीवरून हलत नाहीत. हातोहात फिरते ती वखारीची पावती. त्या पावतीवर मालाचा प्रकार, प्रत, वजन, ठेवल्याची तारीख आणि मुदत लिहिलेली असते, आणि २००७ च्या वखार विकास व नियमन कायद्याने अशी पावती एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याला कायद्याचा आधारही दिला आहे. अनेक सेवांमध्ये विभागलेल्या प्रणालीतून मोठ्या फाइली न्यायच्या असतात तेव्हा हीच शिस्त लागते. माल एका जागी ठेवावा आणि मेसेजमधून फक्त पावती पाठवावी. संगणकक्षेत्रात या पद्धतीला ‘क्लेम चेक’ म्हणतात. ती एका वाक्यात सांगून होते. मात्र पावतीवर काय लिहायचे, ती केव्हा फाडायची आणि माल वखारीबाहेर केव्हा काढायचा, यात खरे काम आहे, आणि हा लेख त्या कामाविषयी आहे.

उदाहरणासाठी आमचीच प्रणाली घेतो. औसा तालुक्यातील शेतांवर ड्रोन फिरवून घेतलेल्या छायाचित्रांचा एकसंध नकाशा तयार करायचा, त्यावरून सोयाबीनची उगवण कुठे विरळ आहे ते मोजायचे आणि शेतकऱ्याला अहवाल द्यायचा, असे तिचे काम आहे. पहिली सेवा फाइली स्वीकारते, दुसरी नकाशा जोडते, तिसरी उगवण मोजते आणि चौथी अहवाल बनवते. एका शिवाराचा जोडलेला नकाशा २ जीबीपर्यंत सहज जातो.

पहिल्या आवृत्तीत आम्ही फाइल बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, बदलून थेट मेसेजमध्ये घातली होती. बेस-६४ मध्ये दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, म्हणजे ३०० एमबीची फाइल क्यूमध्ये, म्हणजे मेसेजांच्या रांगेत, ४०० एमबीची होऊन बसते. शिवाय ती वाचणाऱ्या सेवेच्या मेमरीत मूळ मजकूर आणि उलगडलेली फाइल अशा किमान दोन प्रती एकाच वेळी उभ्या राहतात. वाटेत जी मर्यादा आडवी आली ती आम्ही वाढवत गेलो. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीहून मोठी विनंती स्वीकारत नाही आणि ‘विनंती फार मोठी’ असे सांगणारा ४१३ हा कोड परत करतो. सेवांनी एकमेकांशी बोलण्याची जीआरपीसी ही पद्धत मुळात ४ एमबीहून मोठा मेसेज घेत नाही. मेसेजांची क्यू सांभाळणाऱ्या काफ्काची मूळ मर्यादा सुमारे १ एमबी आहे. या मर्यादा कोणी उगाच घातलेल्या नाहीत. काफ्कातला प्रत्येक मेसेज सामान्यतः तीन ब्रोकरांवर, म्हणजे काफ्काच्या सर्व्हरांवर, उतरवला जातो, त्यामुळे एक मोठा मेसेज म्हणजे तीन ठिकाणची डिस्क आणि तीन ठिकाणचे नेटवर्क. त्याच्या मागे रांगेत उभा असलेला २ केबीचा मेसेज तेवढा वेळ थांबून राहतो. जुलैच्या एका दुपारी बऱ्याच शिवारांच्या फाइली एकदम आल्या आणि आमच्या प्रणालीतले साधे एसएमएस पाठवण्याचे कामही अडकले, तेव्हा हे आम्हाला नीट समजले. म्हणून पहिला सल्ला असा की मर्यादा आडवी आली की ती वाढवण्याआधी आपण चुकीच्या वाटेने माल नेत आहोत का, हे तपासावे.

हलवण्याआधीचे प्रश्न

सर्वात स्वस्त वाहतूक म्हणजे न केलेली वाहतूक. अहवाल सेवेला २ जीबीचा नकाशा लागतच नाही. तिला प्रत्येक गटातील झाडांची संख्या, क्षेत्रफळ आणि एक लहान चित्र एवढेच लागते, आणि ते सगळे मिळून १ एमबीच्या आत बसते. प्रत्येक सेवेच्या मालकाला बसवून ‘या फाइलीतले नेमके काय तुम्ही वाचता’ असे विचारले, तर निम्म्या वेळा उत्तर ‘दोन-तीन रकाने’ असे येते. तिथे ते रकानेच पाठवावेत. जिथे सगळी फाइल लागते तिथे डेटा गणनेकडे नेण्याऐवजी गणना डेटाकडे नेता येईल का, ते पाहावे. आमच्याकडे नकाशा जोडणे आणि उगवण मोजणे ही दोन कामे वेगळ्या सेवांत होती. ती एकाच यंत्रावर एकामागून एक चालवल्यावर एक संपूर्ण फेरी वाचली. सेवांच्या सीमा आखताना मोठा डेटा जिथे जन्मतो आणि जिथे संपतो त्या दोन जागा शक्यतो एकाच कुंपणात ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

मग आकडेमोड करावी. २ जीबीची फाइल डेटा सेंटरमधील १० जीबीपीएस जोडणीवरून दीड-दोन सेकंदांत जाते. तीच फाइल तालुक्याच्या गावातून २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून थोडे अधिक लागतात. एका हंगामाचा कच्चा डेटा १ टीबी असेल तर त्याच जोडणीला साडेचार दिवसांहून जास्त काळ अखंड चालावे लागेल. औसा ते लातूर अंतर साधारण २० किलोमीटर आहे, त्यामुळे असा कच्चा डेटा आम्ही हार्ड डिस्कवर एसटीने आणतो आणि लातूरच्या वेगवान जोडणीवरून वर चढवतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. बाइट, वेळ आणि खर्च या तीन आकड्यांनी जो मार्ग दाखवला तो योग्य मार्ग.

पावतीवर काय लिहावे

आता वखार. बहुतेकांसाठी ती ॲमेझॉनची एस-थ्री किंवा त्याच धर्तीचे ऑब्जेक्ट स्टोअर, म्हणजे फाइली नावानिशी ठेवण्याची क्लाउडमधली जागा, असते. फाइल तिथे ठेवायची आणि क्यूमधून पावती पाठवायची. आमच्या पावतीत पुढील गोष्टी असतात: फाइल कोणत्या बकेटमध्ये (वखारीतल्या कप्प्यात) कोणत्या नावाने आहे, तिचा आकार किती बाइट आहे, तिचा शा-२५६ चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली, ठशासारखी ओळख) काय आहे, आतील मजकुराचे स्वरूप आणि त्या स्वरूपाची आवृत्ती कोणती, ती कोणत्या सेवेने केव्हा ठेवली, किती तारखेपर्यंत ती तिथे राहील, आणि संपूर्ण प्रवासाचा माग काढण्यासाठी एक क्रमांक. हे सगळे मिळून १ केबीच्या आसपास होते.

यातला प्रत्येक रकाना कधी ना कधी उपयोगी पडला आहे, पण आकार आणि चेकसम हे दोन वगळले तर पावतीला अर्थ राहत नाही. मोंढ्यात मापाड्याने केलेल्या वजनावर दोन्ही पक्ष विश्वास ठेवतात, म्हणून पुढचा व्यवहार भांडणाशिवाय होतो. इथे मापाड्याचे काम चेकसम करतो. माल उचलणाऱ्या सेवेने फाइल वाचता वाचताच चेकसम काढावा आणि तो पावतीशी जुळला तरच निकाल पुढे पाठवावा. एक खाचखळगा इथे सांगणे आवश्यक आहे. एस-थ्रीवर तुकड्यांनी चढवलेल्या फाइलीचा ‘ईटॅग’ (एस-थ्रीने फाइलीला दिलेली खूण) हा संपूर्ण फाइलीचा एमडी-५ चेकसम नसतो. तो तसा समजून ताळा केला तर चांगली फाइल खराब ठरते. त्यामुळे आपला चेकसम आपणच काढून पावतीवर लिहावा.

फाइलीचे नाव ठरवताना एकच नियम कसोशीने पाळावा, तो म्हणजे एकदा ठेवलेली फाइल पुन्हा त्याच नावाने लिहायची नाही. ‘ताजा नकाशा’ असे नाव ठेवून त्यावर रोज नवी फाइल लिहिली, तर काल फाडलेली पावती आज वेगळाच माल दाखवते, आणि हा दोष शोधायला आठवडा जातो. नावात चेकसम किंवा यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा क्रमांक, असावा. शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा आधार क्रमांक नावात कधीही घालू नये, कारण फाइलींची नावे लॉगमध्ये, त्रुटींच्या संदेशांत आणि बिलाच्या तपशिलात सर्वत्र उमटतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही निव्वळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही.

पावतीत सही केलेली, म्हणजे फाइल उघडण्याची परवानगी आतच असलेली, लिंक घालण्याचा मोह होतो, कारण मग पुढच्या सेवेला वेगळी परवानगी लागत नाही. तो टाळावा. एस-थ्रीची अशी लिंक जास्तीत जास्त ७ दिवस चालते, आणि तात्पुरत्या ओळखपत्रावर बनवलेली लिंक ते ओळखपत्र संपताच, म्हणजे कधी कधी काही तासांतच, निकामी होते. काफ्का मात्र मूळ मांडणीत ७ दिवस मेसेज सांभाळतो. परिणामी सहाव्या दिवशी मेसेज पुन्हा चालवायची वेळ आली, तर पावती हातात आणि वखारीला कुलूप अशी अवस्था होते. पावतीत फक्त पत्ता असावा आणि प्रत्येक सेवेने स्वतःच्या ओळखीवर, फक्त वाचण्याच्या अधिकाराने, माल उचलावा. सही केलेली लिंक ड्रोनचालकाच्या मोबाइलसारख्या बाहेरच्या ग्राहकाला द्यावी, तीही अर्ध्या-एक तासाच्या मुदतीची.

आधी माल, मग पावती

क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. फाइल पूर्ण चढली, आकार जुळला, मग डेटाबेसमध्ये नोंद झाली आणि त्यानंतर मेसेज गेला, असाच क्रम हवा. एस-थ्री डिसेंबर २०२० पासून लिहिलेली फाइल लगेच वाचता येण्याची हमी देते, त्यामुळे ‘मेसेज पोहोचला पण फाइल अजून दिसत नाही’ ही जुनी अडचण तिथे उरलेली नाही. तरीही आपणच मेसेज आधी पाठवला तर ती हमी कामाची नाही.

इथे एक अवघड जागा आहे. डेटाबेसमध्ये नोंद झाली आणि मेसेज पाठवण्याआधी सेवा बंद पडली, तर माल वखारीत पडून राहतो आणि कोणालाच त्याची खबर नसते. यावर उपाय म्हणजे पावती थेट क्यूत न टाकता त्याच डेटाबेसमधील ‘आउटबॉक्स’ नावाच्या तक्त्यात, मूळ नोंदीच्याच व्यवहारात लिहायची. दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही. एक छोटी स्वतंत्र प्रक्रिया तो तक्ता वाचून पावत्या क्यूत टाकते आणि टाकलेल्यांवर खूण करते. ती प्रक्रिया मध्येच पडली तर तीच पावती दोनदा जाऊ शकते, एवढी किंमत मोजावी लागते, आणि ती मोजण्यासारखी आहे, कारण दोनदा आलेली पावती ओळखता येते, न आलेली ओळखता येत नाही.

ओळखण्याची सोय माल उचलणाऱ्याने करायची. आमची मोजणी सेवा निकालाच्या फाइलीचे नाव मूळ फाइलीचा चेकसम आणि गणनेच्या सूत्राची आवृत्ती यांवरून बनवते. काम सुरू करण्याआधी त्या नावाची फाइल वखारीत आहे का ते पाहते, आणि असेल तर काम न करता फक्त पुढची पावती पुन्हा फाडते. काफ्का वापरणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. एखादा ग्राहक मूळ मांडणीत ५ मिनिटांत पुढचे मेसेज मागायला आला नाही, तर तो गेला असे समजून त्याचे काम दुसऱ्याला दिले जाते. २ जीबीचा नकाशा मोजायला २० मिनिटे लागत असतील, तर दोन यंत्रे एकच नकाशा मोजत बसतात. अशा वेळी पावती वाचून काम स्वतःच्या तक्त्यात नोंदवावे, मेसेज मिळाल्याचे कळवावे आणि प्रत्यक्ष गणना वेगळ्या कामगार-प्रक्रियेकडे द्यावी.

तुकडे

मोठी फाइल सलग चढवू नये. जोडणी तुटली की तेराव्या मिनिटाला शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज व नेट दोन्ही किती वेळा जाते हे इथल्या वाचकाला सांगायला नको. एस-थ्रीत एकाच विनंतीने ५ जीबीपर्यंत फाइल चढते, पण तुकड्यांची सोय त्याआधीच वापरावी. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा हवा आणि एका फाइलीचे जास्तीत जास्त १०,००० तुकडे करता येतात. म्हणजे ५ एमबीचे तुकडे केले तर मर्यादा ५० जीबीच्या आसपास येते. फाइल त्याहून मोठी असेल तर तुकडा मोठा करावा लागतो. डेटा सेंटरच्या आत आम्ही ६४ एमबीचे आठ तुकडे समांतर पाठवतो, तर गावातून ५ एमबीचे दोनच, कारण तिथे तुटलेला तुकडा पुन्हा पाठवणे स्वस्त पडले पाहिजे. पुन्हा प्रयत्न करताना प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करावा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळावा, नाही तर वीज परत येताच सगळी यंत्रे एकाच क्षणी धडकतात.

अर्धवट राहिलेले तुकडे फाइलींच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचे भाडे चालूच राहते. ठरावीक दिवसांनी अपूर्ण अपलोड रद्द करण्याचा नियम बकेटवर पहिल्याच दिवशी लावावा.

प्रवाह, आणि मिरजेचे पाणी

माल उचलताना संपूर्ण फाइल मेमरीत घेऊ नये. ६४ केबी किंवा १ एमबी वाचावे, त्यावर काम करावे, पुढे लिहावे, आणि तीच जागा पुन्हा वापरावी. सेवा वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये मेमरीची मर्यादा ओलांडलेला कंटेनर १३७ या कोडसह मारला जातो, आणि हा कोड वारंवार दिसत असेल तर बहुधा कुठे तरी कोणी फाइल एका घासात गिळत आहे. मेमरी वाचवण्यासाठी तात्पुरती फाइल डिस्कवर उतरवणे चालते. मात्र त्या डिस्कलाही मर्यादा घालावी, कारण ती भरली की त्या यंत्रावरच्या शेजारच्या सेवाही हाकलल्या जातात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. गाडी स्थानकात आली म्हणून पाणी लगेच घरात आले, असे मात्र होत नव्हते. ते आधी स्थानकाजवळच्या विहिरीत सोडायचे, तिथून उपसून जलशुद्धीकरण केंद्राकडे न्यायचे आणि मग वाटायचे. वाहतुकीचा खरा वेग सर्वात मंद टप्प्याच्या वेगाएवढाच असतो, आणि मधली विहीर जेवढी, तेवढेच पाणी एका वेळी उतरवता येते, हे मी त्या उन्हाळ्यात शिकलो.

सेवांमध्येही मधल्या साठ्याला ठरावीक आकार हवा, आणि तो भरला की पाठवणाऱ्याला थांबण्याची खूण गेली पाहिजे. एचटीटीपी-२ मध्ये ही सोय मुळातच आहे: घेणाऱ्याने जागा मोकळी झाल्याचे कळवल्याशिवाय पाठवणारा ठरलेल्या खिडकीपेक्षा, सुरुवातीला ६५,५३५ बाइटांपेक्षा, जास्त पाठवू शकत नाही. जीआरपीसी एचटीटीपी-२ वरच चालत असल्याने तिच्या प्रवाहाला हे आयते मिळते, पण आपण स्वतःच्या कोडमध्ये अमर्याद यादी बनवून आलेले सगळे तिच्यात भरत गेलो, तर ही सोय आपणच बंद पाडतो. दोन सेवा एकाच वेळी जिवंत आहेत आणि निकाल लगेच हवा आहे, अशा ठिकाणी प्रवाह योग्य. जिथे घेणारा उद्या सकाळी जागा होणार आहे, तिथे वखारच बरी.

स्वरूप

छायाचित्रे जेपेगमध्ये आधीच दाबलेली असतात; ती पुन्हा झिप करण्यात वेळ घालवू नये. तक्त्याच्या स्वरूपातील मोठा डेटा सीएसव्ही किंवा जेसनऐवजी पार्के या स्वरूपात ठेवावा, कारण त्यात रकाने वेगवेगळे साठवलेले असतात आणि तीनच रकाने हवे असतील तर तेवढेच वाचता येतात. एका सलग जीझिप फाइलीला मधूनच उघडता येत नाही, त्यामुळे ती दहा यंत्रांत वाटता येत नाही. हा दोष उशिरा लक्षात येतो. नकाशांसाठी क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ हे स्वरूप आम्हाला फार उपयोगी पडले. त्यात नकाशा चौकोनी तुकड्यांत आणि लहान-मोठ्या अनेक प्रमाणांत साठवलेला असतो, त्यामुळे एचटीटीपीच्या रेंज विनंतीने एका गटाएवढाच भाग मागवता येतो. २ जीबीतून काही एमबीच हलतात. आम्ही वाहतुकीवर केलेल्या सगळ्या सुधारणांत ही एक सुधारणा बाकीच्यांच्या बेरजेहून मोठी ठरली.

मुदत आणि भाडे

वखारीतून माल काढण्याची जबाबदारी पहिल्या दिवशीच ठरवावी. शेवटच्या ग्राहकाने फाइल खोडावी ही कल्पना सोयीची वाटते, पण उद्या आणखी एक ग्राहक जोडला गेला की ‘शेवटचा’ कोण हे कोणालाच माहीत नसते. त्यापेक्षा काळावर आधारलेला नियम सोपा: क्यूत मेसेज ७ दिवस राहत असतील तर फाइल ३० दिवस राहावी, म्हणजे अडकलेल्या मेसेजांची वेगळी रांग तपासून ते पुन्हा चालवायला पुरेसा अवकाश मिळतो. ३० दिवसांनंतर ती बकेटच्या नियमानेच जाते. ज्या फाइली कायम ठेवायच्या आहेत त्या वेगळ्या बकेटमध्ये, वेगळ्या परवानग्यांखाली असाव्यात.

भाड्याचा मोठा भाग साठवणुकीत नसून हालचालीत असतो. वखार आणि गणना एकाच रीजनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरांच्या एकाच विभागात, ठेवावी. ॲमेझॉनची रीजने आता मुंबई आणि हैदराबाद अशी दोन्हीकडे आहेत, आणि अर्धी प्रणाली एकीकडे व अर्धी दुसरीकडे ठेवली तर प्रत्येक जीबीला भाडे लागते. खासगी नेटवर्कमधून एस-थ्रीकडे जाणारी वाहतूक नॅट गेटवेतून, म्हणजे त्या नेटवर्कच्या बाहेर जाण्याच्या सामाईक दारातून, गेली तरी प्रत्येक जीबीचे पैसे पडतात, तर गेटवे एंडपॉइंट (एस-थ्रीकडचा थेट मार्ग) लावला तर त्याचे वेगळे शुल्क नाही. ही मांडणी दहा मिनिटांत होते.

चाचणी

प्रणाली चालू करण्याआधी ती मुद्दाम मोडून पाहावी. २ जीबीची फाइल चढत असताना साठाव्या टक्क्याला नेट बंद करावे आणि पुन्हा जोडल्यावर चढलेले तुकडे परत पाठवले जात नाहीत ना, ते पाहावे. मोजणी सेवा गणनेच्या मध्यावर मारावी. तीच पावती लागोपाठ तीनदा क्यूत टाकावी आणि अहवाल एकच निघतो का ते तपासावे. वखारीतल्या फाइलीचा एक बाइट बदलावा आणि चेकसमने ती अडवली का ते पाहावे. त्यानंतर आउटबॉक्सची प्रक्रिया तासभर बंद ठेवावी, शंभर फाइली चढवाव्यात, प्रक्रिया पुन्हा सुरू करावी आणि वखारीतल्या फाइलींची संख्या, तक्त्यातल्या नोंदी आणि निघालेले अहवाल हे तिन्ही आकडे समोर ठेवून मोजावेत. हे तिन्ही जुळेपर्यंत खऱ्या शेतकऱ्याची फाइल तिच्यात घेऊ नये.